आनंदीबाई जोशी : अर्थसाहाय्याच्या अंगाने एक चरित्रविचार

(१)

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जीवन मराठी वाचकाला अपरिचित नाही. त्यांच्या निधनानंतरच्या वर्षीच, म्हणजे १८८८ मध्ये, कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले मराठी चरित्र आले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले चरित्र म्हणून मराठी चरित्रवाङ्मयाच्या इतिहासात त्या ग्रंथाला स्वतंत्र स्थान आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघरी पोचविली, तर अंजली कीर्तने यांनी मूळ कागदपत्रांचा मागोवा घेऊन तिला संशोधनाची बैठक दिली.

या लेखनातून आनंदीबाईंच्या जीवनाचे प्रामुख्याने दोन धागे पुढे येतात. पहिला धागा गोपाळरावांच्या विक्षिप्त, हट्टी, परंतु असामान्य आग्रहाचा. दुसरा आनंदीबाईंच्या सोशिकपणाचा आणि अकाली मृत्यूचा. या दोहोंच्या मधून जाणारा तिसरा धागा मात्र बहुधा कथेच्या ओघात विरून जातो. तो पैशाचा आहे. पोस्ट खात्यातील एका कारकुनाच्या पत्नीने १८८३ मध्ये समुद्र ओलांडून तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, त्याचा खर्च कोठून आला? कोणी दिले, काय दिले, केव्हा दिले आणि देताना काय अपेक्षिले? प्रस्तुत निबंधात आनंदीबाईंचे चरित्र या प्रश्नांच्या अनुषंगाने पुन्हा सांगण्याचा प्रयत्न आहे. एका मोठ्या देणगीने हे शिक्षण झाले नाही. लहान लहान साहाय्यांच्या साखळीने ते झाले, आणि त्या साखळीत जेथे कडी तुटलेली होती तेथेच त्यांचे आयुष्यही तुटले, असे या मांडणीतून दिसून येईल.

(२)

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी कल्याणचे राहणारे. घराणे एके काळी जमीनदारीचे, परंतु यमुनेच्या बालपणापर्यंत त्याची आर्थिक स्थिती खालावलेली होती. जुने घर, जुनी प्रतिष्ठा आणि उतरलेले उत्पन्न, असे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक उच्चवर्णीय कुटुंबांचे चित्र होते आणि कल्याणचे जोशी त्याला अपवाद नव्हते.

त्या काळचे कल्याण ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत आली. आगगाडीबरोबर टपालाचे दळणवळण वाढले आणि टपालाबरोबर सरकारी नोकरवर्ग गावात आला. गोपाळराव जोशी हे अशाच नोकरवर्गापैकी एक. मूळचे संगमनेरचे, बिजवर, वयाने यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि स्त्रीशिक्षणाच्या कल्पनेने झपाटलेले. १८७४ मध्ये, यमुनेच्या नवव्या वर्षी, हा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली.

या शिक्षणाचा पहिला खर्च गोपाळरावांच्या पगारातून झाला, हे नोंदविणे अगत्याचे आहे. शिक्षक तेच, पुस्तके त्यांच्याच पैशांची, आणि अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता अशा बदल्यांमागे शिक्षणाचा विचारही गुंतलेला. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषांचा अभ्यास आनंदीबाईंनी घरीच बराचसा केला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय या घटनेतून दृढ झाला, याविषयी सर्व चरित्रकारांचे एकमत आहे. घरच्या घरी भाषा शिकविता येते. वैद्यक शिकविता येत नाही. येथपासून बाहेरच्या साहाय्याची गरज निर्माण झाली.

(३)

कोल्हापूर मुक्कामी असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे आणि स्वतःला तेथे योग्य नोकरी मिळावी, अशी त्यांची विनंती होती. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याने हा पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या धर्मप्रसारविषयक नियतकालिकात छापला. मदत मिळू शकेल, परंतु दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

आनंदीबाईंच्या आयुष्यातील हा पहिला मोठा देकार होता आणि तो नाकारला गेला. या नकाराकडे केवळ धर्माभिमान म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ख्रिस्ती व्यक्तींविषयी आनंदीबाईंच्या मनात आकस नव्हता. पुढे त्यांना ज्यांनी सर्वाधिक मदत केली ते सर्व ख्रिस्तीच होते, आणि त्यांच्याशी आनंदीबाईंचे संबंध घरच्यासारखे राहिले. नकार होता तो अटीला. ज्या स्त्रियांवर उपचार करण्यासाठी शिकायचे, त्यांच्याच घरांत धर्मांतरित स्त्रीला प्रवेश मिळणार नाही, आणि मग शिकण्याचा हेतूच बुडेल, हा व्यावहारिक विचारही या नकारामागे असणे संभवनीय आहे. साहाय्य देणाऱ्याची अट आणि साहाय्य मागणाऱ्याचा हेतू यांचा मेळ बसत नसेल, तर निधी हाती येऊनही काम साधत नाही.

(४)

नाकारलेल्या त्या देकारातूनच दुसरा मार्ग निघाला, हा या चरित्रातील मोठा योगायोग. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता वाइल्डरच्या नियतकालिकाचा तो अंक त्यांच्या हाती पडला. १८८० च्या सुमाराची ही गोष्ट. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि एक दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

कार्पेंटरबाई धनिक नव्हत्या, कोणत्या संस्थेच्या पदाधिकारीही नव्हत्या. त्यांनी देऊ केले ते आपले घर. अमेरिकेत उतरल्यावर राहण्याची सोय आणि परक्या मुलखात एक जिव्हाळ्याचे माणूस, एवढेच त्यांच्या साहाय्याचे स्वरूप. त्याही आधी, आनंदीबाई भारतात असतानाच त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप यांनी त्या त्रस्त होत्या. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली होती. ती फारशी लागू पडली नाहीत. तथापि विनाअट साहाय्याचा हा पहिला हप्ता होता, असे म्हणता येईल. रोख रकमेच्या हिशोबात त्याची नोंद होणार नाही. परंतु हे घर उघडे नसते तर पुढच्या कोणत्याही रकमेला अर्थ उरला नसता.

थॉरबर्न या डॉक्टर दांपत्याने आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे नाव सुचविले. १८५० मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी होते. ही माहितीही एक प्रकारचे साहाय्यच. कोठे अर्ज करावा हे ठाऊक नसल्यामुळे किती गुणी माणसे घरीच राहतात, याचा हिशोब कोणी ठेवीत नाही.

(५)

गोपाळरावांना स्वतः बरोबर जाणे शक्य होईना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे असे ठरले. हिंदू विवाहित स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडणे ही गोष्ट त्या काळच्या समाजाला पचणारी नव्हती. बंगालमधील मुक्कामात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी इंग्रजीतून व्याख्यान दिले.

या व्याख्यानाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. लोक जे जे आक्षेप घेत होते त्यांचेच त्यांनी प्रश्न केले आणि एकेका प्रश्नाला क्रमाने उत्तर दिले. अमेरिकेलाच का जायचे, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय, संकट आले तर काय, आणि पूर्वी कोणी न केलेली गोष्ट आपणच का करावी, असे ते प्रश्न. येथे मद्रासला महाविद्यालय आहे, इलाख्यांतून सुईणीच्या शिक्षणाचे वर्ग आहेत, हे त्यांनी मान्य केले आणि ते अपुरे का पडते हे सांगितले. देशात स्त्री-डॉक्टरांची निकड किती आहे हे त्यांनी मांडले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही दिली.

आजच्या परिभाषेत बोलायचे तर हा एक संशोधन-प्रस्ताव होता. गरज कोणती, उपलब्ध सोयी कोणत्या, त्या अपुऱ्या कशा, आपण काय करणार आणि त्याचा उपयोग कोणाला, ही सारी अंगे त्यात आहेत. त्याचा परिणामही तसाच झाला. व्याख्यानाची वार्ता वृत्तपत्रांतून पसरली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदतीच्या रकमा येऊ लागल्या. ज्या समाजातून टीका होत होती त्याच समाजातून हे साहाय्य आले. आपला हेतू स्पष्ट शब्दांत सार्वजनिकरीत्या मांडल्याखेरीज ते मिळाले नसते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. सोबतीला थॉरबर्न यांच्या परिचयाच्या मिशनरी स्त्रिया होत्या. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास आल्या होत्या.

(६)

रोझेलच्या घरातून आनंदीबाईंनी महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. हे पत्र त्यांनी स्वतः लिहिले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पहिले विनंतीपत्र पतीने लिहिलेले होते. हे पाच वर्षे अभ्यास केलेल्या तरुणीचे होते. प्रवेशाच्या सर्व अपेक्षा आपण पूर्ण करीत नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. आपण काय शिकलो आहोत, कशात कमी आहोत, आपली आर्थिक स्थिती काय आहे आणि तरीही आपला विचार का व्हावा, हे त्यांनी सरळपणे सांगितले. आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळवून देण्याचा निश्चय हाच त्यांच्या अर्जाचा आधार होता.

महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी प्रवेश दिला, आणि तीन वर्षांच्या अभ्यासासाठी सुमारे ६०० डॉलरांची शिष्यवृत्तीही आनंदीबाईंना मिळाली. नियमांच्या चौकटीत न बसणारा अर्ज केवळ नियमांवर बोट ठेवून परत न पाठविता त्यामागची व्यक्ती पाहणाऱ्या अधिकारी व्यक्तीचे मोल येथे कळते.

तथापि शिष्यवृत्तीने अभ्यासाची सोय झाली. देहाची झाली नाही. फिलाडेल्फियातील हिवाळा, शाकाहाराचा नेम आणि थंडीला अपुरा ठरणारा लुगड्याचा पेहराव यांमुळे आधीच अशक्त असलेली प्रकृती खंगत गेली. पेहरावात त्यांनी थोडी तडजोड केली, नऊवारी सोडून अंग अधिक झाकणारी गुजराती धर्तीची साडी त्या नेसू लागल्या. आहारात केली नाही. राहण्याच्या खोलीतील शेगडीची व्यवस्था नीट नव्हती. ती पेटविली की खोली धुराने भरे, विझविली की थंडीने हातपाय गारठत. धूर पत्करावा की थंडी, एवढीच निवड उरे, असे त्यांच्याविषयीच्या लेखनातून समजते. क्षयाने त्यांना गाठले ते याच काळात. शिक्षणाचे शुल्क भरणारा निधी होता, परंतु ऊबदार खोलीसाठी आणि सोसेल अशा अन्नासाठी वेगळी तरतूद नव्हती. साखळीतील तुटलेली कडी म्हणून वर जो उल्लेख केला तो याला उद्देशून होय.

(७)

एवढ्या आजारपणातही अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा संदेश आला.

त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. मराठीच्या अभ्यासकांनीही या विषयनिवडीकडे लक्ष द्यावे असे वाटते. परदेशी महाविद्यालयात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीला तेथल्या रुग्णालयातील एखादा सोयीचा विषय घेता आला असता. त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांतील प्रसूतिविचार घेतला आणि अमेरिकन वैद्यकीय ग्रंथांच्या बरोबरीने त्याची मांडणी केली. दोन ज्ञानपरंपरांना एकत्र आणणारा हा प्रयत्न, त्यातील निष्कर्षांचे आजचे वैद्यकीय मूल्य काहीही असो, संशोधकाची दृष्टी दाखवितो. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने प्रसूतिशास्त्र हा विषय निवडावा, यातील संगती वेगळी सांगावयास नको.

(८)

पदवीनंतर त्यांनी बोस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काही काळ काम केले, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षाच्या प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती केली. ज्या गावात पतीबरोबर रस्त्याने चालल्याबद्दल त्यांची टवाळी झाली होती त्याच गावचे हे बोलावणे होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या. स्वागत उत्साहाचे झाले. पण कोल्हापूरला रुजू होण्याचा योग आलाच नाही.

पुण्यात आजारी असताना टिळकांनी त्यांच्या कार्याचा गौरव करणारे पत्र लिहून १०० रुपयांची मदत पाठविली. आयुष्यभर ज्या लहान लहान रकमांनी त्यांना पुढे नेले त्यांतील ही अखेरच्या दिवसांतील रक्कम. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. विनाअट घर देणाऱ्या कुटुंबाने तेथेही घरच्या माणसाचीच जागा दिली.

(९)

आनंदीबाईंना पदवी मिळाली, परंतु वैद्यकीय व्यवसाय करता आला नाही; मग या साहाय्याचे फळ काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या समकालीन आणि नंतरच्या स्त्रियांच्या चरित्रांत शोधावे लागते.

कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याच सुमारास मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. त्यांना सरकारकडून दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती होती. त्यांना घर सोडावे लागले नाही, समुद्र ओलांडावा लागला नाही. १८८६ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि पुढे अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला. स्वदेशात राहून मिळणाऱ्या अल्प परंतु नियमित रकमेचे महत्त्व या तुलनेतून लक्षात येते.

आनंदीबाई अमेरिकेत असतानाच, १८८५ मध्ये, लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकरवी वैद्यकीय मदत पुरविणारा निधी स्थापन झाला. त्यातून वैद्यक शिकणाऱ्या स्त्रियांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. आनंदीबाईंना त्याचा लाभ मिळावयास तो दोन वर्षे उशिरा आला. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या त्या वेळी मात्र त्यांच्या पाठीशी हितचिंतकांचे मंडळ उभे राहू शकले. शिवाजीराव होळकरांनी त्यांना ५०० रुपये दिले. १८९४ मध्ये रखमाबाई पात्रता मिळवून परतल्या आणि त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा संबंध अधिकच जवळचा आहे. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाला रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत नुकत्याच निवर्तलेल्या आनंदीबाईंचे स्मरण केले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याची हमी मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदासदन सुरू झाले. आनंदीबाईंसाठी जे साहाय्य व्यक्तिगत ओळखीतून, पत्रापत्रीतून गोळा झाले होते, त्याला रमाबाईंच्या वेळी संस्थेचे आणि नियमित वर्गणीचे रूप आले. पहिल्या विद्यार्थिनीला जे सुटे सुटे मिळाले ते पुढच्यांना बांधून मिळाले.

(१०)

महाराष्ट्र शासनाने स्त्रियांच्या आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी आनंदीबाईंच्या नावाने अभ्यासवृत्ती स्थापन केली. जिला स्वतःला निधीसाठी अनेक दारे ठोठवावी लागली तिचे नाव अभ्यासवृत्तीला मिळावे, हे उचित स्मारक होय.

या चरित्रातून मराठीच्या प्राध्यापकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध भावनिक नसून व्यावहारिक आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील संशोधक विद्यार्थी बहुधा नोकरी सांभाळून, लोकलच्या प्रवासात वेळ घालवून अभ्यास करतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी मोठी अभ्यासवृत्ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. ती न मिळाल्यावर बहुतेकांचा शोध थांबतो. वस्तुतः बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि ग्रंथालये, साहित्यसंस्था व विश्वस्त निधी यांच्याकडूनही लहान साहाय्याची चौकशी करता येते. हस्तलिखिते पाहण्यासाठी एक प्रवास, छायाप्रतींचा खर्च, परगावी आठ दिवसांचा मुक्काम, एवढ्याच गोष्टींवर मराठीतील कित्येक प्रबंधांचे भवितव्य अवलंबून असते.

आनंदीबाईंच्या जीवनातून अर्जदारासाठी तीन गोष्टी निघतात. आपली उणीव न लपविता आपला हेतू स्पष्ट मांडावा. जे साहाय्य हेतूच बदलावयास लावते ते कितीही मोठे असले तरी नम्रपणे नाकारावे. आणि एकाच मोठ्या दाराशी न थांबता लहान दारेही ठोठवावीत. देणाऱ्या संस्थांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी निघणारी गोष्ट याहून गंभीर आहे. शुल्क भरले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. विद्यार्थी राहतो कोठे, खातो काय आणि त्याची प्रकृती कशी आहे, हाही निधीच्या विचाराचा भाग असला पाहिजे. फिलाडेल्फियातील त्या धुरकट खोलीचा विचार वेळीच कोणी केला असता, तर कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाई कदाचित रुजू झाल्या असत्या. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज पुढे पाठविताना प्राध्यापकाने शिफारशीच्या दोन ओळींबरोबर एवढी चौकशी अवश्य करावी.